ओले काजू सोलायच्या साधनाचं 'डिझाइन स्पेसिफिकेशन' – नववीच्या प्रोजेक्टसाठी मदत हवी

सुरंगी

नमस्कार मंडळी. आम्ही कुडाळजवळ राहतो, लेक नववीत आहे. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे आणि यंदा सरांनी प्रत्येक गटाला एखादी वस्तू स्वतः आखून, बनवून दाखवायला सांगितली आहे. लेकीच्या गटाने ओले काजू सोलायचं साधन निवडलं. गटातल्या एकीची आजी मोसमात काजूगर विकते, चिकाने तिच्या बोटांची सालं जातात, म्हणून. विषय मला आवडला. घोडं अडलंय ते कागदावर. चित्र काढायच्या आधी सरांना एक पानभर 'डिझाइन स्पेसिफिकेशन' हवंय. मुलींनी दिलेलं पान असं:

१. साधन सुरक्षित असावे.
२. वापरायला सोपे असावे.
३. टिकाऊ असावे.
४. दिसायला आकर्षक असावे.
५. स्वस्त असावे.
६. पर्यावरणपूरक असावे.

सरांनी प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने "म्हणजे किती?" लिहून पान परत केलं. आता 'आकर्षक म्हणजे किती' याचं उत्तर कुणी कसं द्यायचं? मला स्वतःला वाटतं, नववीच्या मुलींना आधी हातोडी-करवत धरू द्यावी, कागद मागाहून. पण सर ऐकणाऱ्यातले नाहीत. इथे वर्कशॉपवाले, शिक्षक, डिझाइनवाले बरेच आहेत. हे पान लिहितात कसं?

बंड्या_देवबागकर

सुरक्षित, टिकाऊ, आकर्षक, सांभाळायला सोपं, शिवाय स्वस्त. ताई, काजूचं यंत्र शोधताय की स्थळ?

फणसाचो_गरो

आमच्या आवशीन आख्खो जल्म काजी फोडल्यान. तिका कोणी स्पेसिफिकेशन इचारूक नाय. 😀

खेर्डीचा_फिटर

सरांना माझा नमस्कार सांगा. मी चिपळूणला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे.

बंड्याने विनोदात नेमकं बोट ठेवलंय. जी यादी काजूच्या साधनाला, सायकलला आणि जावयालाही चालते ती कशाचीच यादी नाही. मुलींना एक गोष्ट करायला सांगा: वरचं शीर्षक हाताने झाकायचं आणि पान तिसऱ्याच कुणाला वाचायला द्यायचं. वस्तू कोणती ते नुसत्या ओळींवरून ओळखता आलं तर पान बरं आहे.

दुसरं. आमच्याकडे ड्रॉइंगवर नुसतं '२० मिमी' लिहून भागत नाही, अधिक-उणे किती चालेल तेही लिहावं लागतं. कारण तपासणाऱ्याला माल कधी परत पाठवायचा ते कळायला हवं. शाळेच्या पानात इतकं बारीक नको. पण प्रत्येक ओळ वाचून 'काय झालं तर ही ओळ नापास?' याचं उत्तर देता आलं पाहिजे. 'सुरक्षित असावे' ही ओळ कधी नापास होऊच शकत नाही. 'कापताना बोटं पात्यापासून निदान ३० मिमी लांब राहावीत' ही होते. पट्टी लावली की निकाल.

पावशी_तिठा

एआयला सांगा की. मिनिटात पान भरून देईल.

खेर्डीचा_फिटर

@पावशी_तिठा, देईल ना. हीच सहा कलमं, फक्त बारा करून.

मेधा_लीड्स

माहेर गुहागर. इथे इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत डिझाइन अँड टेक्नॉलॉजी शिकवते, त्यामुळे हे पान दर वर्षी वर्गभर वाचावं लागतं. सुरंगीताई, तुमच्या लेकीचं पान इथल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या पहिल्या पानापेक्षा वेगळं नाही, काळजी करू नका.

इथे जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारख्या, परीक्षेत या विषयाचे अर्धे गुण प्रोजेक्टला असतात. एक्यूए बोर्डात प्रोजेक्ट १०० गुणांचा, त्यात ब्रीफ आणि स्पेसिफिकेशनला मिळून १०. मुलं म्हणतात, दहाच तर आहेत. पण शेवटी वस्तू तपासून मूल्यमापन लिहायचे २० असतात, आणि वस्तू ताडून बघायची ती या पानाशीच. पान पोकळ असेल तर शेवटी 'माझी वस्तू छान झाली, आईला आवडली' यापलीकडे लिहायला काही उरत नाही.

मुलांची गल्लत होते ती तीन कागदांत. ब्रीफ म्हणजे दोन-चार वाक्यं: कुणासाठी, कुठली अडचण, काय करायचं ठरवलंय. डिझाइन स्पेसिफिकेशन म्हणजे त्या वस्तूने कोणत्या अटी पाळायच्या. आणि मॅन्युफॅक्चरिंग स्पेसिफिकेशन हे सगळ्यात शेवटी, वस्तू ठरल्यावर: कुठला पत्रा, किती जाड, भोक किती मिमीचं, स्क्रू कोणते, म्हणजे अनोळखी माणसालाही ते वाचून तीच वस्तू बनवता यावी. सरांनी मधला कागद मागितलाय. मुली बहुतेक पहिला आणि तिसरा त्यातच कोंबतील, तेवढं बघा.

इथे मुलांना 'ॲक्सेस एफएम' शिकवतात: एस्थेटिक्स, कॉस्ट, कस्टमर, एन्व्हायर्न्मेंट, साइझ, सेफ्टी, फंक्शन, मटेरियल. आठ मथळे. विसरायला होऊ नये म्हणून ठीक, पण मुलं आठ खोके आखतात आणि प्रत्येकात दोन-दोन ओळी भरतात. तुमच्या साधनात रंगरूपाला एक ओळही पुरे, सेफ्टीला पाच लागतील.

आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: अट, तिचं कारण, आणि ती कशी तपासणार. कारण बहुतेक जण गाळतात. '३० मिमी' का? २० का नाही? फिटरसाहेब, तुम्हीही दिलं नाहीत. 🙂

खेर्डीचा_फिटर

पकडलंत. ३० हा आकडा मी टेबलावर बसून काढला.

भाता_आणि_ऐरण

मला हे पटत नाही. माझ्या घरात तीन पिढ्यांचं लोहारकाम आहे. कोयती, पारळी, विळी, काय हवं ते. गिऱ्हाईक येतं, हात दाखवतं, काम सांगतं, मी बनवतो. ते वापरून परत येतं, 'मूठ जाड आहे' म्हणतं, मी तासून देतो. दोन फेऱ्यांत वस्तू बसते. कागदावर आधी सगळं ठरवलं की माणूस कागदाला चिकटतो, हाताला नाही. सुरंगीताईंचं बरोबर आहे. एक मोडकी विळी आणा, उलटी लावा, त्या आजीला द्या आणि बघत बसा. दोन तासांत कुठल्याही पानापेक्षा जास्त कळेल.

मेधा_लीड्स

@भाता_आणि_ऐरण, 'हात दाखवतं, काम सांगतं' हेच तुमचं स्पेसिफिकेशन आहे की! फक्त ते तुमच्या डोक्यात राहतं. मुलींकडे तीन पिढ्या नाहीत, म्हणून त्यांना कागद लागतो. आणि कागद बदलायचा असतो. इथे आम्ही पहिल्या कार्डबोर्डच्या मॉडेलनंतर स्पेसिफिकेशन पुन्हा लिहून घेतो, जुनी ओळ खोडायची नाही, शेजारी नवी लिहून तारीख टाकायची. का बदलली ते दिसलं की परीक्षक खूश.

भाता_आणि_ऐरण

तारीख टाकून बदलायचं असेल तर हरकत नाही. मला वाटलं दगडावरची रेघ.

बांद्याची_वैनी

मी दर वर्षी काजूगर काढते. घरचे, आणि उरले की बाजारात. इथं सगळे पात्याबद्दल बोलतायत म्हणून लिहिते.

आम्ही खाली बसतो. पाटावर किंवा गोणपाटावर, पाय पसरून. टेबलावर ठेवायचं यंत्र आणाल तर ते टेबलावरच राहील. डाव्या हातात बी, उजव्यात सुरी, बी उभी कापायची आणि टोकदार काडीने गर उचकटून काढायचा. चीक उडतो तो कापताना, पण जास्त लागतो तो काडी फिरवताना, कारण तेव्हा कापलेली टरफलं बोटांत असतात. नुसती कापायची सोय केलीत तर अर्धंच काम झालं.

हाताला कुणी राख लावतं, कुणी खोबरेल. रबरी मोजे मी घालून बघितले. साधे मोजे त्या तेलाने फुगतात आणि बी हातातून निसटते. वेग कमी झाला की परवडत नाही, गर शेकड्यावर विकले जातात. उभे दोन भाग झालेला गर चालतो, पण चुरा शेकड्यात कोण धरणार?

आणि आकर्षक वगैरे राहू द्या. धुवायला सोपं हवं. तो चीक वाळला की काळा होतो आणि खाचेत बसला तर निघता निघत नाही.

मेधा_लीड्स

वैनी, तुम्ही आत्ता सेफ्टी, फंक्शन, साइझ, कस्टमर सगळं एका प्रतिसादात लिहिलंत. सुरंगीताई, मुलींना हा प्रतिसाद छापून द्या आणि एकेका वाक्याखाली पेन्सिलीने रेघा मारायला लावा. 'खाली बसून वापरता यावं, कारण काम पाटावर बसून चालतं. तपासणी: आजी पाटावर बसून पाठ न वाकवता वापरून बघेल.' झाली एक ओळ.

माळरान

वैनींनी मोज्यांचं लिहिलंय ते बरोबर. काजूच्या टरफलातलं तेल म्हणजे मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल, कातडी भाजते ती त्यांनीच. साधं रबर तेलात फुगतं, नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे टिकतात. पण मोजे हे मुलींच्या प्रोजेक्टचं उत्तर नव्हे, ते बाजारात आहेतच. त्यांच्या पानात 'आज लोक काय वापरतात आणि ते कुठे कमी पडतं' यासाठी मात्र ते यायला हवेत. कारखान्यात हातापायाने चालवायचं कटर असतं तेही यावं. पण ते वाफवलेल्या सुक्या बियांसाठी. ओल्या बीचं टरफल मऊ आणि चिवट, त्यात ते तडकत नाही, दबतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बीचं माप. वेंगुर्ला-७ या जातीची बी १० ग्रॅमच्या आसपास भरते, वेंगुर्ला-१ ची ६ च्या आसपास, गावठी त्याहून लहान असते. आजीच्या टोपलीत सगळ्या मिसळून येणार. एका बीच्या मापाने खाच केली तर निम्म्या बिया एकतर बसणार नाहीत नाहीतर फिरतील. माणसांच्या मापांचं जसं लहानातल्या लहानापासून मोठ्यातल्या मोठ्यापर्यंत बघतात, दोन्ही टोकांचे पाच-पाच टक्के सोडून, तसं बियांचंही करा. मूठभर बिया घ्या, व्हर्नियरने (मिमीहून बारीक मोजणाऱ्या मापाने) मोजा.

मुलींना सरावाला एक खेळ सुचवतो. आंबे उतरवायचा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला बहुतेक बागांत असतो. तो समोर ठेवा आणि उलट दिशेने त्याचं स्पेसिफिकेशन लिहा. आंबा देठासकट निघाला पाहिजे. का? देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, डाग पडतो, भाव उतरतो. आंबा खाली पडता कामा नये, जाळीतच यावा. का? आपटलेला आंबा आतून काळा पडतो. टोकाकडचं वजन कमी हवं. का? ते लांब बांबूच्या शेंड्यावर तोलून दिवसभर काम करायचं असतं. एकेका ओळीचं कारण झेल्यातच दिसतं. तसाच विद्यापीठाचा वैभव विळा घ्या, दातेरी पातं का, वजनाला हलका का. अर्ध्या तासात त्यांना कळेल की स्पेसिफिकेशन हा निबंध नाही.

ओहोटीची_वाट

वाखूसा (वाचनखूण साठवली). माळरान, दंडवत घ्या.

अवांतर: ओल्या काजूच्या उसळीत कांदा-खोबऱ्याचं वाटण की नुसतं ओलं खोबरं वरून?

बंड्या_देवबागकर

वाटण. यावर चर्चा नको.

मेधा_लीड्स

नुसतं ओलं खोबरं, किंचित गूळ, हिरवी मिरची. काजूची चव लागली पाहिजे.

बंड्या_देवबागकर

गुहागरच्या मंडळींनी गूळ घातल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायलेलं नाही.

बांद्याची_वैनी

दोन्ही करतात. श्राद्धाला वेगळी, पाहुण्यांना वेगळी. आता काजूकडे या.

शिरोड्याचा_मीठवाला

काजूकडेच येतोय. आत्ता नोव्हेंबर आहे. ओल्या बिया फेब्रुवारीशिवाय दिसणार नाहीत. मुली तपासणार कशावर? प्रोजेक्ट द्यायचा कधी?

सुरंगी

सगळ्यांचे खूप आभार. लेकीने सगळा धागा वाचला, उसळीसकट.

@मीठवाला, जमा करायचं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. हा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

बांद्याची_वैनी

सुक्या बिया असतील ना घरात? दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा, पाणी बदलत जा. पावसाळ्यात आम्ही तशाच भिजवून काढतो.

माळरान

चालेल, पण भिजवलेली बी ओल्या बीसारखी तंतोतंत नसते, टरफल जास्त कडक राहतं. तेव्हा पानात तसं लिहावं: पहिली चाचणी भिजवलेल्या बियांवर, दुसरी मार्चमध्ये ताज्या बियांवर. पहिली कठीण बीची असल्याने जोर किती लागतो ते तिथेच कळेल. चीक किती उडतो ते मात्र ताज्या बीवरच. भिजवलेल्यावर चिकाची ओळ 'पास' लिहून टाकू नका.

खेर्डीचा_फिटर

चीक कसा मोजणार हा मला पडलेला प्रश्न. माझी सूचना: पांढरा कागद हाताच्या जागी लावायचा. कापल्यावर डाग पडले की नाही बघायचं. डाग मोजता येतात.

मेधा_लीड्स

फिटरसाहेब, हे मी माझ्या वर्गासाठी चोरतेय.

पावशी_तिठा

पातं स्टेनलेसचंच असावं अशी ओळ टाका. समुद्राची हवा आहे, लोखंड आठवड्यात तांबडं होतं.

भाता_आणि_ऐरण

कुडाळला समुद्राची हवा किती ते सोडा. माझ्या विळ्या वापरून पुसून खोबरेलाचं बोट फिरवून ठेवणाऱ्यांच्या वर्षानुवर्षं टिकतात. स्टेनलेसला गावात धार कोण लावून देणार? दर मोसमात पातं टाकून नवं घ्यायचं का?

मेधा_लीड्स

दोघांचंही बरोबर, म्हणूनच ती ओळ पानात नको. 'स्टेनलेसचं पातं' हे उत्तर झालं. स्पेसिफिकेशनमध्ये उत्तर लिहिलं की चित्र काढायला काही उरतच नाही. मागणी लिहा: दमट, खारट हवेत पावसाळाभर ठेवल्यावर गंज नको. आणि दुसरी: गावातल्या लोहाराला धार लावता यावी. मग मुलींनी शोधावं दोन्ही कशात बसतं ते. बसलंच नाही तर कुठली मागणी सोडायची ते आजीला विचारावं. कदाचित पातं लागणारही नाही, तार लागेल, कोण जाणे.

भाता_आणि_ऐरण

तार? मेधाताई, एकदा बी हातात घेऊन बघा.

खेर्डीचा_फिटर

मटेरियलबद्दल मेधाताईंशी अर्धाच सहमत. कधी कधी मटेरियल ही अटच असते. लॅबमध्ये जे आहे त्यातच बनवायचं तर ते आधीच लिहिलं पाहिजे. सुरंगीताई, लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असेल, मुलींना त्याचा मोह होणार. पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये बंद टेंपोत किंवा पत्र्याच्या शेडखाली उन्हात राहिलं तर वाकायला वेळ लागत नाही. मूठ छापा हवी तर, ज्यावर जोर पडतो तो भाग नको.

गंजाची चाचणी घरी करता येते. कारखान्यात मिठाच्या फवाऱ्याची चाचणी असते, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश. शाळेत लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून फवारणीच्या बाटलीने रोज सकाळ-संध्याकाळ मारा, आठवडाभर. कारखान्याएवढं कडक नाही, पण दोन पाती शेजारी ठेवून तुलना होते.

पाबळचा_विद्यार्थी

आमच्या शाळेत आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) हा विषय होता, पाबळच्या विज्ञान आश्रमाचा. आश्रम डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथं एक सवय लागली: वस्तू केली की तिची किंमत काढायची. सामान, मजुरी, वीज, वाया गेलेला माल, सगळं मांडून. 'स्वस्त असावे'पुढे सरांनी 'म्हणजे किती' लिहिलंय त्याचं उत्तर तसं निघेल. फक्त दोन आकडे वेगळे ठेवा. एक, मुलींना बनवायला किती आला. दुसरा, आजी किती देईल. पहिला दुसऱ्याहून जास्त निघाला तर लपवू नका. एकच नग बनवताना तो जास्तच येतो.

आजी किती देईल ते विचारताना मात्र 'किती द्याल?' असं विचारू नका, नातीच्या मैत्रिणीला ती काहीही सांगेल. आत्ता सुरी कितीला घेतली, किती मोसम चालली, ते विचारा.

कोतवडे_बुद्रुक

अवांतर पण उपयोगी. इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेला शाळेतून नाव पाठवता येईल का बघा. कल्पना निवडली गेली तर नमुना बनवायला १०,००० रुपये मिळतात.

फणसाचो_गरो

आता कळला. पैशे आसत म्हणान स्पेसिफिकेशन.

सुरंगी

मुलींनी रविवारी आजीकडे बसून काम केलं. घरात ठेवणीतल्या सुक्या बिया होत्या, त्या आधी भिजवून ठेवल्या होत्या. आजीने सोलल्या, एकीने मोबाइलवर वेळ लावली, एकीने बिया मोजल्या, माझ्या लेकीने व्हर्नियर धरला. नवं पान खाली देतेय. पूर्ण नाही देत, काही ओळी अजून वादात आहेत.

– पाटावर बसून, एका हाताने साधन आणि दुसऱ्याने बी, असं वापरता यावं. कारण: आजीच्या घरी टेबल नाही आणि तिला उभं राहून काम होत नाही.

– २५ ते ३९ मिमी लांबीची बी न फिरता धरली जावी. कारण: आजीच्या बियांत सगळ्यात लहान आणि मोठी एवढी भरली. तपासणी: दोन्ही टोकांच्या आणि मधल्या मापाच्या बिया बसवून बघणार.

– मिनिटाला ७ बियांपेक्षा वेग कमी नसावा. कारण: भिजवलेल्या बियांवर सुरीने आजीचा तो वेग आहे; त्याहून हळू झालं तर ती पुन्हा सुरी घेईल, असं ती स्वतः म्हणाली.

– कापताना आणि गर काढताना, दोन्ही वेळी, उघड्या टरफलाला बोट लागू नये. तपासणी: बोटांच्या जागी पांढरा कागद, २० बिया, एकही डाग नको. ताज्या बियांवर पुन्हा मार्चमध्ये.

– गराचे दोनांहून जास्त तुकडे होऊ नयेत.

– चीक साचेल अशी ५ मिमीहून अरुंद खाच नसावी. कारण: आजी जुन्या टूथब्रशने धुते आणि तो त्याहून अरुंद जागी जात नाही.

– गावात धार लावता यावी.

– टरफलं वेगळी पडावीत. आजी ती चुलीत घालत नाही, धूर डोळ्यांना झोंबतो. खड्ड्यात टाकते.

रंगरूपाबद्दल मुलींचं भांडण झालं. एकीला हिरवा रंग हवाय. आजी म्हणाली, पानापाचोळ्यात हिरवं सापडत नाही, लाल करा. तेव्हा तीही ओळ आली: 'अंगणात पडलं तर दिसावं असा रंग.'

मेधा_लीड्स

टूथब्रशची ओळ बघून मी इथे मोठ्याने हसले. हे पान इथल्या वर्गात दाखवू का? नावं नाही सांगणार.

सुरंगी

खुशाल दाखवा.

खेर्डीचा_फिटर

उत्तम. दोन शंका. 'वेग ७ पेक्षा कमी नसावा', पण हा कुणाच्या हातून? आजीच्या हातात सुरी मुरलेली आहे, नवं साधन पहिल्या दिवशी हळूच चालणार. मुलींच्या हातून मोजाल तर सुरीचाही वेग मुलींच्याच हातून मोजला पाहिजे. तपासणीत तेवढं लिहा: आजीला साधन आठवडाभर वापरायला देऊन मग मोजायचं.

दुसरी. पात्याला हात लागण्याबद्दल ओळच नाही. चिकाच्या नादात सुरक्षिततेतलं कापणं विसरलं की काय?

सुरंगी

ती वादातली आहे. एकीचं म्हणणं, पातं झाकलं की बी दिसत नाही. दुसरी म्हणते, दिसलं नाही तरी चालेल, खाच आहे ना.

भाता_आणि_ऐरण

आजीला विचारा ती बी बघून कापते की बोटाने चाचपून. वय झालेल्या बायका बहुतेक चाचपूनच कापतात. तसं असेल तर झाका बिनधास्त. आणि मूठ करताना माझ्याकडे या, लोखंडाचे पैसे नकोत. तार मात्र आणू नका.

बांद्याची_वैनी

चाचपूनच. मी तर दूरदर्शनवर मालिका बघत कापते.

शिरोड्याचा_मीठवाला

वैनी, मग ओळ अशी लिहायला लागेल: 'मालिका बघत वापरता यावं.'

माळरान

@मीठवाला, विनोद बाजूला, ती चांगली ओळ आहे. तपासणीही सोपी, डोळे बांधून १० बिया. फक्त मुलींनी स्वतः करू नये; केलीच तर पात्यावर आधी कॉर्क लावून, नुसती बी बसवून बघायला.

सुरंगी

लिहून घेतलं. पान उद्या सरांकडे जातंय. आजीला शनिवारी डोळे मिटून कापायला सांगणार आहेत, सुरीनेच, ती काय म्हणते ते कळवते.

बंड्या_देवबागकर

त्या बियांचे गर वाया घालवू नका. वाटणाची उसळ.